ताट कोणी खाल्लं?

दापोडीपासून चाकणपर्यंत राहणाऱ्या एकाही माणसाला काल आपण काय खाल्लं हे धड सांगता येत नाही. ही गोष्ट छातीठोकपणे सांगू शकेल अशी एकच व्यक्ती माझ्या ओळखीची आहे, आणि ती म्हणजे माझ्या मित्राची सून. तिनं तो प्रश्न बहुतेक सगळ्यांना विचारून पाहिलेला आहे. रस्त्यात कुणी भेटलं की आपण 'काय, बरं आहे ना?' म्हणतो आणि उत्तराची वाट न बघता पुढे जातो. ही बाई 'काल सकाळी उठल्यापासून काय काय खाल्लं?' असं विचारते आणि उत्तर संपेपर्यंत जागची हलत नाही. माणूस म्हणतो, 'विशेष काही नाही, आपलं नेहमीचंच.' ती म्हणते, 'हं. आणि मग?' त्या 'हं'मध्ये राग नसतो, कौतुक नसतं, काहीच नसतं, आणि तेच फार वाईट. समोरचा माणूस ती रिकामी जागा भरायला लागतो. आधी चहा आठवतो, मग चहाबरोबरची खारी, मग कंपनीच्या गेटबाहेरचा वडापाव, आणि शेवटी बायकोपासून वर्षानुवर्षं लपवलेली ऑफिसच्या ड्रॉवरमधली फरसाणाची पिशवी बाहेर येते. आमच्या सोसायटीचे चेअरमन एकदा पाण्याच्या टाकीबद्दल बोलायला त्यांच्या घरी गेले. टाकीचा विषय निघालाच नाही. बऱ्याच वेळानं बाहेर आले तेव्हा मन मोकळं झालेल्या माणसासारखे दिसत होते. टाकी पुढच्या महिन्यात धुतली गेली.

माझा मित्र आणि मी चाकणच्या एकाच कंपनीत होतो, तो मशीनवर आणि मी स्टोअरला. निवृत्तीनंतरही थेरगावात, डांगे चौकाजवळच्या एकाच इमारतीत वरखाली राहत होतो. तो मूळचा परभणीकडचा आणि सूनही तिकडचीच. त्याची बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती, त्यामुळे घरात तो, शिफ्टमध्ये काम करणारा मुलगा, ही सून आणि एक छोटी नात एवढीच माणसं. सून लग्न करून आली ती पोषणशास्त्राची पदवी घेऊन. मग संसार झाला, मूल झालं, पदवीची गुंडाळी कपाटावर गेली. नात पहिलीत गेली आणि एका रविवारी सुनेनं जाहीर केलं की ती आता पुण्याच्या कॉलेजात एमएस्सी करणार आहे, आणि त्याच वेळी पिंपरीतल्या एका हॉस्पिटलात आहारतज्ज्ञाची इंटर्नशिपही. लोक आधी परीक्षा देतात, मग इंटर्नशिप करतात आणि मधे थोडे दिवस झोपतात. मी तिला तसं सुचवून पाहिलं. ती म्हणाली, 'काका, आपण सगळ्या पोळ्या लाटून ठेवून मग भाजायला घेतो का? एक तव्यावर असते तेव्हा दुसरी पोळपाटावर असतेच की.' मी आयुष्यात एकही पोळी लाटलेली नाही.

घाईचं खरं कारण वेगळं होतं आणि ते तिनं लपवलंही नव्हतं. त्या हॉस्पिटलातल्या आहारतज्ज्ञ मॅडम उन्हाळ्यानंतर नोकरी सोडून जाणार होत्या. जागा एकच. मॅडमनी तिला स्पष्ट सांगितलं होतं की उन्हाळ्यापर्यंत इंटर्नशिप पुरी झाली आणि एमएस्सीचा प्रबंध जमा झाला तर ही खुर्ची तुझी. घरापासून रिक्षाच्या अंतरावर, मुलीच्या शाळेच्या वेळेत बसणारी आणि स्वतःच्या शिक्षणाची अशी नोकरी आपल्याकडे बाईमाणसाला किती वेळा चालून येते? त्या खुर्चीसाठी ती धावत होती आणि तिच्या मागोमाग आम्ही सगळे मनातल्या मनात धावत होतो.

धावायची म्हणजे अक्षरशः धावायची. सकाळी हॉस्पिटल, दुपारी सिटी बसनं पुणं, संध्याकाळी परत येऊन स्वयंपाक. अभ्यास कधी करते म्हणून मला कोडं पडलं होतं, ते एकदा त्यांच्या स्वयंपाकघरात डोकावल्यावर सुटलं. ओट्यामागच्या फरशांवर सगळीकडे कागद चिकटवलेले होते. फोडणी टाकताना एक कागद, कणीक मळताना दुसरा. साखरेचं शरीरात काय काय होतं ती लांबलचक साखळी ती पोळ्या लाटता लाटता मोठ्यानं म्हणायची आणि नातीला ती ऐकून ऐकून पाठ झाली. शाळेच्या स्नेहसंमेलनात त्या पोरीला आयत्या वेळी गाणं आठवेना, तेव्हा तिनं ग्लुकोजपासून सुरुवात करून चालीवर सबंध साखळी म्हणून दाखवली. बाईंना कुठलं तरी संस्कृत स्तोत्र वाटलं असावं, कारण त्यांनी हात जोडले होते. माझा मित्र मात्र हैराण. 'सैपाक करायलीय का अभ्यास करायलीय, मला तर काहीच कळंना गेलंय,' तो म्हणायचा. 'कुकरची शिट्टी झाली की धडा बदलतो बघ. मी मधी पानी बी मागत नाही.'

तिच्या पर्समध्ये कंगवा, आरसा असलं काही नसे. एक स्टीलची वाटी असे. तिचं म्हणणं असं की 'एक वाटी आमटी' या शब्दांना काडीचा अर्थ नाही, कारण प्रत्येक घरातली वाटी वेगळी, आणि बुलढाण्याची वाटी चिपळूणच्या माणसाला दाखवली तर तो तिला पातेलं म्हणेल. म्हणून कुणी वाटी म्हटलं की ती पर्समधली वाटी काढून समोर ठेवायची. 'ही एवढी का? भरून का थोडी कमी?' मोशीच्या एका कार्यालयात लग्नाच्या पंगतीत तिच्या शेजारी एक भारदस्त गृहस्थ बसले होते. बासुंदीचा आग्रह चालला होता आणि ते 'अगदी थोडी, अगदी थोडी' म्हणत होते. हिला राहवलं नाही. तिनं वाटी काढली आणि त्यांना विचारलं की थोडी म्हणजे यातली किती. वाढप्याला वाटलं बाईंना घरी न्यायची आहे. त्यानं वाटी काठोकाठ भरली, वर काजू टाकले आणि मायेनं सांगितलं, 'पिशवीत आडवी नका करू, ताई.'

पण मला खरोखर दिङ्मूढ केलं ते तिच्या एका वेगळ्याच व्रतानं. रोग्याला जे खायला सांगायचं ते आधी आपण खाऊन बघायचं, असा तिचा नेम होता. एक आठवडा मधुमेहाचं पथ्य, एक आठवडा मूत्रपिंडाचं, एक आठवडा नुसत्या पातळ पदार्थांचं. घरच्यांना सकाळी विचारावं लागे, 'आज तुला काय झालंय?' आणि ती चपाती भाजता भाजता शांतपणे सांगायची, 'आज माझं पित्ताशय काढलंय.' गणपतीत सोसायटीच्या मांडवात आम्ही सगळे मोदकांवर तुटून पडलो होतो आणि ही एका खुर्चीवर बसून चमच्या-चमच्यानं भाताची पेज पीत होती, कारण आदल्या दिवशी तिचं पोटाचं ऑपरेशन झालेलं होतं. एका आठवड्यात तिनं मीठ सोडलं. त्या आठवड्याच्या शेवटी जिन्यात भेटली तेव्हा चेहरा उतरलेला होता. म्हणाली, 'काका, भूक लागते आणि घास फिरतो हो तोंडात. आपण किती सहज सांगतो लोकांना, मीठ बंद म्हणून.' आपण बोललेल्या एकेका शब्दाची अशी चव घेऊन बघणारं माणूस मी दुसरं पाहिलेलं नाही.

तिच्या प्रबंधाचा विषयही हाच होता. हॉस्पिटलातल्या ज्या रोग्यांचं मीठ कमी केलेलं असतं ते दिलेलं जेवण जेवतात का, आणि त्याचा उपयोग किती होतो. वॉर्डातून ताटं परत आली की ती स्वतः उभी राहून बघायची. रिकामं ताट म्हणजे रोगी जेवला. ताटं तर अगदी चाटूनपुसून रिकामी येत होती, पण काही रोग्यांची सूज म्हणून उतरेना. डॉक्टर आहारतज्ज्ञ मॅडमना विचारायचे, मॅडम तिला विचारायच्या, आणि ती पुन्हा पुन्हा स्वयंपाकघरात जाऊन प्रत्येक पातेल्यातली चव घेऊन यायची. कॉलेजात प्रबंधाचं मार्गदर्शन करणाऱ्या बाईंनी सोपा उपाय सांगितला. 'एवढे थोडे पेशंट काढून टाक, बाकीचं छान जुळतंय. उन्हाळा जवळ आलाय.'

त्या काढून टाकायच्या पेशंटांमध्ये माझे चुलतेही होते. चाकणजवळच्या आमच्या गावात ते आणि चुलती चुलतभावाकडे राहतात. हृदय थकलेलं, पाय सुजलेले, चार पावलं चाललं की धाप. त्यांना त्याच हॉस्पिटलात ठेवलं होतं आणि चुलती पलंगाशेजारच्या स्टुलावर ठाण मांडून बसली होती. रोज सकाळी रात्रपाळीची माणसं सोडायला पिंपरीकडे येणाऱ्या कंपनीच्या बसमधून गावाकडून डबा यायचा. बाजरीच्या भाकरी, सुकटीची चटणी, खर्डा, वर भाजलेला पापड. बाहेरचं अन्न आत न्यायला बंदी होती, पण ती बंदी चुलतीला सांगायची छाती कुणाची? दारावरच्या सिक्युरिटीवाल्यानं एकदा अडवून पाहिलं, तेव्हापासून त्यालाही त्यातली अर्धी भाकरी मिळायला लागली. हा डबा चुलतीसाठी आहे अशी सगळ्यांची समजूत होती. चुलत्यांना हॉस्पिटलचं ताट होतंच.

एका दुपारी मी भेटायला गेलो होतो. चुलत्यांचे पाय जसेच्या तसे सुजलेले, आणि चुलतीचा चेहरा मात्र कसा टवटवीत दिसत होता. तेवढ्यात मित्राची सून तिच्या फेरीवर आली. तिनं चुलत्यांना नेहमीचा प्रश्न विचारला. चुलते छताकडे बघत म्हणाले, 'ताट खाल्लं.' 'हं. आणि मग?' 'मग काय न्हाई. ताट खाल्लं.' एवढ्या मोठ्या 'हं'ला न बधणारा हा पहिलाच माणूस मी पाहत होतो. तिथं तिचं काम संपलं होतं. प्रबंधाला एवढंच हवं होतं. पण ज्याला-त्याला विचारायची खोड जाते कुठे? ती वळता वळता चुलतीला म्हणाली, 'आणि आजी, तुम्ही काय खाल्लंत काल?'

'मला कोन इचारतंय,' चुलती म्हणाली, पण सुखावली. इतक्या दिवसांत तिला हे कुणीच विचारलं नव्हतं, मी तर नाहीच. मांडी नीट करून तिनं सांगायला घेतलं. 'सकाळच्याला उपमा व्हता, बिनमिठाचा. दुपारी दुधी, त्योबी तसलाच. डाळ म्हंजी निसतं पिवळं पानी. दोन फुलकं आन् वाटीभर ताक. रातीला मुगाची खिचडी, तिच्यातबी मीठ न्हाई.' हे सगळं चुलत्यांचं ताट होतं. मी खिडकीबाहेर बघायला लागलो. चुलत्यांनी डोळे मिटून घोरायला सुरुवात केली. आपण काय बोलून बसलो हे चुलतीच्या ध्यानात आलं, पण ती मागे हटणारी बाई नव्हे.

'व्हय, मी खाती त्यांचं ताट आन् त्ये खात्यात माझा डबा,' ती म्हणाली. 'आमच्यात अळणी ताट कवा करत्यात ठावं हाय का तुला? माणूस गेल्यावर. मालक जितंजागतं पलंगावर बसल्यालं आन् मी त्यांच्या म्होरं अळणी ताट ठिवू व्हय? न्हाई व्हनार माझ्या हातनं. बरं, टाकून द्यावं तर अन्न हाय ते. म्हून मी खाती. काय व्हायचं ते माझं व्हवू दे.'

मला वाटलं, आता ही पोर कपाळाला हात लावणार, नाहीतर मीठ, पाणी आणि हृदय यांचं शास्त्र समजावून सांगायला बसणार. तिच्या सगळ्या मेहनतीचा त्या स्टुलावर बसून फडशा पाडला गेला होता. तिनं फक्त विचारलं, 'आजी, ताटात मीठ वाढलेलं असलं तर?' चुलती म्हणाली, 'मंग त्याला अळणी कोन म्हनंल?'

दुसऱ्या दिवशी दुपारी ती स्वतः ताट घेऊन आली. जेवण शिजवताना त्यात मिठाचा कण घातलेला नव्हता. पण ताटात वरच्या बाजूला, आपल्याकडे पहिल्यांदा मीठ वाढतात त्याच जागी, एका एवढ्याशा वाटीत चिमूटभर मीठ होतं. डॉक्टरांनी दिवसभरात जेवढं चालेल म्हटलं होतं त्यातला त्या जेवणाचा वाटा. शेजारी लिंबाची फोड, डावीकडे जवस-लसणाची बिनमिठाची चटणी. आणि दुसऱ्या हातात चुलतीसाठी वेगळं ताट. चुलतीनं ते मीठ पाहिलं, पदर सावरून ते ताट नवऱ्यापुढे सरकवलं आणि म्हणाली, 'जेवा आता.' चुलते जेवले. पुढच्या रविवारी ती आमच्या गावी जाऊन चुलतभावाच्या बायकोला तसा डबा करायला शिकवून आली, आणि येताना गावातल्या निम्म्या घरांनी काल काय खाल्लं तेही विचारून आली. चुलत्यांची सूज हळूहळू उतरली आणि ते आपल्या पायांनी घरी गेले.

प्रबंधाचं मात्र तीनतेरा वाजले. तिनं इतर पलंगांपाशी जाऊन विचारलं तर कुठे रोग्याचं ताट बायको जेवत होती, कुठे बाप जेवत होता, आणि कारणं घरागणिक वेगळी. म्हणजे आजवर गोळा केलेलं सगळंच संशयाचं. आता पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायची तर उन्हाळा हातचा जाणार, आणि उन्हाळ्याबरोबर ती खुर्ची. माझा मित्र माझ्याकडे आला. 'तू सांग तिला. तुझं ऐकती ती. चार नावं खोडायची आन् द्यायचं छापून, बस्स.' मलाही ते पटलं होतं. मी खाली गेलो. ती मेथी निवडत बसली होती. मी माझं म्हणणं मांडलं.

'काका,' ती म्हणाली, 'त्या ताटातलं अन्न कुणीतरी खाल्लंय. आजी किती दिवस त्याच्यावर राहिल्या. आता त्यांना कागदावरून काढून टाकू? जेवलेल्या माणसाला तू जेवलाच नाहीस असं कसं म्हणू मी?'

'खुर्ची जाईल,' मी म्हणालो.

'जाईल. मला वाईट वाटायलंय, काका. फार वाईट वाटायलंय.' तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि हात मेथी निवडतच होते. मी वर आलो. मला तिचा राग आला होता आणि तिच्यापुढे वाकून नमस्कार करावासाही वाटला होता, आणि दोन्हींतलं काहीच मला करता आलं नाही.

तिनं पुन्हा पहिल्यापासून सगळं केलं. यादीतला पहिला प्रश्न आता 'ताट कोणी खाल्लं?' हा होता. परीक्षा, वॉर्ड, बस, पोळ्या, सगळं पूर्वीसारखंच चालू राहिलं. प्रबंध पुढच्या सत्रात गेला. त्याचं कौतुकही झालं म्हणे. तोवर खुर्चीवर तिच्याच वर्गातली एक मुलगी बसली होती. मुलगी चांगली होती. तिला वॉर्डाची माहिती करून द्यायला हीच दोन दिवस गेली. नंतर परभणीकडच्या एका तालुक्याच्या गावातल्या हॉस्पिटलात हिला नोकरी लागली, जिथं आहारतज्ज्ञ नावाचं माणूस आजवर कुणी पाहिलं नव्हतं. तिचा नवरा नोकरीसाठी इथंच कंपनीतल्या सोबत्यांबरोबर राहतो, सुट्टीला तिकडे जातो. आणि माझा मित्र नातीबरोबर गेला. 'सून जिकडं तिकडं मी,' सामान भरताना तो म्हणाला. 'पोरीला कोन बघंल? आन् माझ्या भाकरी कोन मोजंल?' खालचा फ्लॅट आता एका आयटीतल्या जोडप्यानं घेतला आहे. ते संध्याकाळी बाहेरून मागवतात.

मध्यंतरी सोसायटीतले एक शेजारी आजारी होते, त्यांना बघायला मी त्याच हॉस्पिटलात गेलो. जेवणाची वेळ झाली होती. ताटं वाटणारी एक नवीन मुलगी गाडी ढकलत आली आणि तिनं शेजाऱ्यांपुढे ताट ठेवलं. वरच्या बाजूला एवढ्याशा वाटीत मीठ, शेजारी लिंबाची फोड. मग कुणी न मागता तिनं दुसरं ताट काढून शेजाऱ्यांच्या बायकोच्या हातात दिलं. मी तिला विचारलं, 'हे मीठ वेगळं कधीपासून द्यायला लागलात?'

'आमच्याकडे पहिल्यापासून असंच आहे, काका,' ती म्हणाली.

मी सांगायला तोंड उघडलं होतं. पण वॉर्ड लांब होता, ताटं गार होत होती आणि ती पुढच्या पलंगाकडे गेलीही होती. शेजाऱ्यांच्या बायकोनं नवऱ्याचं ताट नीट सरळ करून दिलं, आपलं मांडीवर घेतलं आणि दोघं जेवायला लागली. त्यांचं जेवण होईपर्यंत मी तिथंच बसून राहिलो.